काडी, चकती आणि कोशाचा धागा

ताईच्या दागिन्यांच्या डब्यात वरच्या खणात सोनं नाही. सोनं खाली, मऊ फडक्यात बांधलेलं. वर, रोज हाताशी लागावी अशी, बांबूची कर्णफुलं आहेत. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी चकती, तिच्या कडेवर गुंडाळलेला कोशाचा धागा आणि खाली अंगठ्याच्या नखाएवढा विणलेला तुकडा लोंबता. एप्रिल २०१६ मध्ये तिच्या सातवीच्या मुलांनी ती तिला दिली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात एकोणीस मुलं. आईची सरी, आजीचे चांदीचे गोठ, मावशीची ठुशी, असे बरेच दागिने माझ्या हातांतून गेले. पण उजेडात धरून, उलटंपालटं करून पुन्हा पुन्हा पाहावा असा दागिना मला हाच मिळाला.

या जोडीचं कौतुक तिच्या निवडीपासून सुरू होतं.

आमच्याकडे शाळेचं वर्ष संपतं ते दिवस मोहफुलांचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात फुलं टपटप पडतात, घरचे सगळे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, आणि वर्गातली हजेरी विरळ होते. पुढे मे लागला की तेंदूपत्ता. निकाल लागेपर्यंत ऊन असं चढतं की चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत येतं. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात त्या यामुळेच. त्या मुलांनी वर्गणी काढली ती मोह वेचून मिळालेल्या पैशांतून. दहा-दहा, वीस-वीस रुपये. सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास.

एकीची आत्या चंद्रपूरला महाकालीच्या चैत्र यात्रेला जाणार होती. तिच्याकरवी बेंटेक्सचा संच मागवायचा, असा मुलींचा बेत ठरला. यात्रेतली ती दुकानं मी लहानपणापासून पाहते आहे. मराठवाड्यातून आलेल्या बायका कुंकू, पोत, बांगड्या घेतात. शेजारच्या पाटीवर पिवळ्याधमक माळा बल्बखाली चमकत असतात. लहान मुलीच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्याहून श्रीमंत दुसरं काही नाही. मुलींचा बेत अगदी समजण्यासारखा होता.

तो मोडला एका मुलाने. मागच्या बाकावरच्या. तो म्हणाला, "मॅडमचे कान लाल होतेत. दुपारी कानातले काढून डब्यात ठेवतेत."

ताईला हे मागाहून कळलं, आणि तिने मला सांगितलं तेव्हा आधी माझा विश्वास बसेना. ती खरोखरच उन्हाळ्यात तिसऱ्या तासानंतर कानातले काढून खडूच्या डब्यात ठेवायची. पिवळ्या मुलाम्याखालच्या धातूत निकेल असलं की ते घामात उतरतं आणि काहींच्या कातडीला सोसत नाही. कान खाजतो, चिघळतो. ताईला ते अनेक वर्षं होत होतं. घरात आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वर्गातल्या एका मुलाच्या आलं, कारण वर्षभर रोज पाच-सहा तास त्याच्यासमोर ती एकच व्यक्ती उभी होती. मुलं पाटीकडे पाहतात त्याहून जास्त बाईंकडे पाहतात. फळ्याकडे वळल्यावर दिसणारा कान, वहीवर वाकल्यावर पुढे येणारी माळ, पदराची पिन, हातातल्या बांगडीचा आवाज, हे सगळं त्यांना पाठ असतं. शिक्षिकेसाठी दागिना निवडायला मुलांहून जाणकार माणूस मिळणार नाही असं मला वाटतं ते यासाठी.

दागिना देणं ही तशी अवघड गोष्ट आहे. आपल्याकडे प्रत्येक दागिन्याचं एक नातं आधीच ठरलेलं असतं. पोत, जोडवी, हिरवा चुडा ही लग्नाची लेणी. ती देणारी माणसं ठरलेली. बांगड्या भरणं म्हणजे सौभाग्याची गोष्ट, आणि वर्गात शिकवणाऱ्या बाई विधवा असल्या तर प्रेमाने दिलेली काचेची बांगडीही बोचू शकते. अंगठीला बोटाचं माप लागतं आणि तिचा अर्थही साखरपुड्याकडे जातो. फणीचं तर आणखीच. शेजारच्या बस्तरात मुरिया तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी फण्या कोरायचे. व्हेरियर एल्विन यांनी मुरियांच्या घोटुल या युवागृहावरच्या १९४७ च्या ग्रंथात त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे केसांतली कोरीव फणी इथल्या जंगलाला परकी नाही, पण ती प्रियकराने द्यायची वस्तू. कान मात्र मोकळा आहे. कुमारी, लग्न झालेली, विधवा, म्हातारी, सगळ्याजणी कानात काहीतरी घालतात, आणि त्यातून नात्याचा कुठलाच दावा निघत नाही. मुलांनी हा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्या अंगात तो होता.

आणखी एक बाजू ताईच्या मनात होती. जिल्हा परिषदेच्या नोकरीला वर्तणुकीचे नियम आहेत, १९६७ सालचे. भेटवस्तू घेण्याबद्दल तिथे बंधन आहे. तिने आयुष्यात दोनदा पालकांनी आणलेली साडी हात जोडून परत केली होती. सोन्याची बारीकशी चिपही तिने घेतली नसती. या कर्णफुलांपुढे तिची अडचण झाली नाही. साडेतीनशेपैकी कारागिरीचे पैसे दिल्यावर जे उरलं त्याचा मुलांनी चिवडा आणला आणि सगळ्यांनी मिळून खाल्ला.

आता वस्तूकडे येते.

चकती मानवेलाची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुख्यतः दोन बांबू: ओढ्याकाठी काटेरी, जाड, पोकळ कटांग आणि कोरड्या उतारावर मानवेल. मानवेल भरीव असतो; बारीक काठी तर आतून जवळजवळ गच्च. म्हणून तिची आडवी चकती कापता येते. कटांगाची कापली तर कडं मिळेल, चकती नाही. या चकतीच्या बरोबर मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे, ते कुणी पाडलेलं नाही. बांबूने पोकळ व्हायचं म्हटलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं, त्याची ती खूण. ज्या कारागीर बाईने ही कर्णफुलं घडवली तिने त्यातूनच धागा ओवला. दुसरं भोक पाडलं नाही. मला तिची समज इथे पहिल्यांदा दिसली.

चकती उजेडात धरली की ठिपके दिसतात. शेकडो. पिवळट गाभ्यावर तपकिरी. मध्ये विरळ, आणि कडेकडे जाताना दाट होत होत सालीपाशी इतके गच्च की तिथे रंगच बदलतो. जमिनीतलं पाणी वर नेणाऱ्या नळ्या आणि त्यांच्याभोवतीचे तंतू, यांची ही तोंडं. बांबूची सगळी ताकद सालीजवळ का, हे या एका चकतीत दिसतं. आणि यात वर्षांची वलयं नाहीत. सागाचा ओंडका कापला तर त्याचं वय मोजता येतं. बांबूचं येत नाही. तो जमिनीतून वर येतो तोच आपली अखेरची जाडी घेऊन. पावसाळ्यात कोंब येतो, ज्याची आम्ही वास्त्याची भाजी करतो, आणि न खुडलेला कोंब काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठतो. मग तीनेक वर्षं तो नुसता पिकतो, घट्ट होतो. उंच होणं आणि पक्कं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सातवीच्या मुलांसमोर तीन दशकं उभं राहिलेल्या बाईंना वेगळं सांगायला नको.

आडवा काप हा बांबूकामातला कठीण भाग. उभा चिरायला बांबू आनंदाने तयार असतो. त्याचे सगळे तंतू उभे, आडवं धरून ठेवणारं काही नाही, म्हणून सुरी लावली की तो शेवटपर्यंत सरळ फाटतो. आडवा मात्र चरचरतो, कडेला फिसकटतो. बारीक दातांच्या करवतीने हळू कापायचं आणि मग पॉलिश पेपरने कितीतरी वेळ घासायचं. बोट फिरवून पाहा. उजव्या कर्णफुलाची कड गुळगुळीत आहे. डाव्याला एका जागी सूक्ष्म खाच आहे, आणि कोशाचा धागा नेमका तिथे एक फेरा जास्त घेऊन गेला आहे. खाच तशीच सोडली नाही, आणि मेणाने भरून लपवलीही नाही. ती बांधून घेतली. मी पन्नास वेळा तरी ही जागा पाहिली असेल.

धागा आरमोरीकडचा असावा. त्या भागात ढिवर मंडळी ऐनाच्या झाडावर कोशाचे किडे पाळतात, पाखरांपासून राखण करत झाडाखाली दिवस काढतात. तुतीच्या रेशमासारखा तो पांढरा, गोंडस नसतो. मधाच्या रंगाचा, जरा खरखरीत, उन्हात एकदम पेटल्यासारखा दिसणारा. ऐनाच्या फांदीवरचा कोसा कधी नीट पाहिला असेल तर लक्षात येईल: त्याला एक कठीण देठ असतो आणि देठाच्या टोकाला कडी, जी फांदीला घट्ट धरते. म्हणजे जंगलात तो आधीच लोलकासारखा लटकत असतो. त्या बाईने त्याच्याच धाग्याने खालचा तुकडा चकतीला लटकावला, ही जुळणी मला फार आवडते. बांबू आणि कोसा एकाच रानातले. एक उतारावरचा, एक ऐनावरचा. कर्णफुलात त्यांचे रंगही एकमेकांत मिसळतात, कुठे चकती संपली आणि कुठे धागा सुरू झाला हे हातभर अंतरावरून कळत नाही.

खाली लोंबणारा तुकडा विणलेला आहे. दोन पट्ट्या वर, दोन खाली, आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकून. त्यामुळे तिरप्या रेघा उमटतात. ही वीण नवी नाही. बुरड लोक टट्टे विणतात ते असेच. घराच्या कुडाला, बैलगाडीला, धान्याच्या ढोल्याला हीच तिरपी रेघ. हातभर रुंदीच्या कामात कामटी बोटाएवढी असते. इथे पट्टी ज्वारीच्या पानाच्या शिरेएवढी. एक सोडून एक पट्टी सालीकडची, म्हणून गडद आणि चकचकीत. मधली गाभ्याकडची, फिकट आणि कोरडी. रंग कुठेच लावलेला नाही. गडद पट्ट्यांना थोडी आच दिली आहे, तेवढ्याने त्या मधाळ तपकिरी झाल्या. चुलीवरच्या उतरंडीतल्या टोपल्या वर्षानुवर्षांच्या धुराने जशा होतात, त्याच कुळातला हा रंग.

आणि काडी. माझ्या मते या दागिन्याचा जीव इथे आहे. कानात जाणारा भाग धातूचा नाही. सालीकडची एक बारीक काडी, तासून, तेलात मुरवून, टोकाला जराशी निमुळती, आणि मागून बसवायला बांबूचाच एक मणी. आमच्याकडे लहान मुलीचे कान टोचले की भोक बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची किंवा झाडूची काडी घालून ठेवतात. सोनं येईल तेव्हा येईल, तोवर काडी. इथल्या कितीतरी बायकांच्या कानातला पहिला दागिना हाच. कारागीर बाईला कळवलं होतं फक्त इतकं, की मॅडमच्या कानाला धातू चालत नाही. तिने दुकानातल्या आकड्यांऐवजी सरळ त्या पहिल्या दागिन्याकडे हात घातला.

ती वर्गातल्या एका मुलीची मावशी. घरचा धंदा सुपं-टोपल्यांचा. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं, तिथे ती काही आठवडे शिकून आली होती. बारीक काम, पॉलिश, कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बांबू बुडवणं, हे तिथलं. वीण आणि काडी घरची. दोन्ही शाळा एका वस्तूत आहेत, आणि मला त्यातली घरची जास्त बोलताना दिसते.

मी तिला पुढे एकदा बाजारात भेटले. तिने दुसरी एक जोडी माझ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाली, "वजन पाहून घ्या जी. कानाले समजनार बी नाही." खरंच समजत नाही. चंद्रपूरच्या उन्हात सोन्याचं कानातलंसुद्धा तापतं, मानेला चटका देतं. बांबू तापत नाही. ज्या गावात उन्हाळा हाच मोठा ऋतू, तिथे हा गुण नक्षीइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

या चकतीत आणखी एक गोष्ट दिसते, जी डोळ्यांनी दिसत नाही. बांबू म्हणजे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात तो झाडांत धरला गेला, आणि त्यामुळे जंगलात राहणाऱ्या माणसाला आपल्या परसाएवढ्या जवळच्या बांबूवर हक्क उरला नाही. बुरडांना आगारातून मिळेल तेवढ्यावर भागवावं लागे, आणि त्याच वेळी बल्लारपूरचा कागद कारखाना दशकानुदशकं या रानांतला बांबू लगद्यासाठी नेत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात बसवलं. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. त्या दिवशी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्या गावाने त्यासाठी किती वर्षं धीर धरला, हे आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला तो तर २०१७ मध्ये, ही कर्णफुलं ताईच्या कानात गेल्यावर दीडेक वर्षाने.

म्हणून ही चकती पाहताना मला ताईच्या टेबलावरचे गठ्ठे आठवतात. चाचणीचे कागद, वह्या, हजेरीपट. त्या कागदात कुठेतरी याच डोंगरांचा बांबू होता. तो लगदा होऊन, पांढरा होऊन, रेघा मारून घेऊन शाळेत आला होता. मुलांनी दिलेला बांबू मात्र आपल्या ठिपक्यांसकट आला.

हल्ली बांबूचे दागिने पुष्कळ ठिकाणी मिळतात, आणि मार्च उजाडला की ओळखीच्या आया मला विचारतात, मॅडमला द्यायचं आहे, कुठलं घेऊ? मी आधी वस्तू उलटी करायला सांगते. समोरून सगळंच सुंदर असतं. मागे गोंदाचे घट्ट थेंब दिसले तर ठेवून द्यावं; बांधलेलं, ओवलेलं, खोचलेलं असेल तर घ्यावं, कारण ते सुटलं तरी पुन्हा बांधता येतं. व्हार्निशचा जाड थर मला सहन होत नाही. तो सालीची स्वतःची झळाळी मारतो, आणि मग ते प्लास्टिक असलं काय नि बांबू असला काय. चकतीवर वारली चित्रं काढलेली असली तर मी हळूच बाजूला सारते. वारली चित्र मोठंच आहे, पण ते पालघर-डहाणूच्या भिंतींचं. इथल्या बांबूवर ते उसनं दिसतं. इथल्या हाताची स्वतःची तिरपी वीण असताना ते का घ्यावं? आणि कानात जाणारा भाग कशाचा आहे ते विचारायचंच. बाईंच्या कानाला काय चालतं हे आईला माहीत नसतं. मी म्हणते, तुमच्या मुलीला विचारा.

दोष या जोडीतही आहे, आणि तो मी लपवणार नाही. काडी नाजूक आहे. रोज घालणारीने रोज घातली तर तिने किती दिवस टिकावं? ताईने ती निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, मधली शाळा बंद असलेली टाळेबंदीची वर्षं धरून, जवळजवळ रोज घातली. वर्गातून मुलं बदलत गेली, चकतीचा रंग कानाच्या आणि केसांच्या तेलाने गवती पिवळ्याचा गुळासारखा झाला, आणि मागच्या वर्षी एका सकाळी उजव्या कानातली काडी मणी लावताना मोडली.

कारागीर बाई आता मुलाकडे तेलंगणात राहते. मी ताईला घेऊन चंद्रपूरच्या सराफ्यात आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ लावूनच ठेवलं. मग विचारलं, "सोन्याची तार घालू का? टिकंल." ताई नको म्हणाली. शुद्ध चांदी चालेल, ती तिच्या कानाला कधी लागली नव्हती. पण एकाच बाजूला. डावी काडी शाबूत आहे, तिला हात लावायचा नाही.

त्याने चांदीची बारीक तार ओढली, टोक गोल केलं, मोडक्या काडीचा उरलेला तुकडा काढून कागदाच्या पुडीत ताईच्या हातात दिला. मग सवयीने दोन्ही कर्णफुलं काट्यावर ठेवली. आकडे थोडे हलले आणि थांबले: दोन ग्रॅम, तीनशे दहा मिली. "पैसे तारेचे घेतो," तो म्हणाला, आणि पावतीच्या वहीत वस्तूच्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन हातात धरून ताईकडे पाहत राहिला.

"सातवीची कर्णफुलं," ताई म्हणाली. त्याने तसंच लिहिलं.